पुसी विलो जोमात वाढतं, पण बोंडं येत नाहीत: दर वर्षीच्या तक्रारीवर उपाय

मार्च लागतो, शेजाऱ्यांच्या पुसी विलोवर चंदेरी बोंडं, म्हणजे या झुडपाचे लवदार फुलोरे, लगडतात आणि आपलं झुडूप नुसत्या काटक्या घेऊन उभं असतं. एप्रिलअखेरीला त्याला भरभरून पालवी येते, उन्हाळ्यात हात-हात लांब फूट निघते. म्हणजे झाड मेलेलं नाही, आजारीही नाही. पुढच्या मार्चला मात्र पुन्हा तेच. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, कनेटिकट या पट्ट्यातल्या आपल्या मंडळींकडून हा प्रश्न दर वसंतात येतो आणि त्यावर पहिला सल्ला मिळतो तो खताचा. खत घालू नका. एवढी फूट काढणारं झाड उपाशी नसतं. बहुतेक अंगणांत बोंडं धरलेली असतात, फक्त मार्च उजाडायच्या आत ती कोणीतरी कापून नेलेली असतात किंवा खाऊन टाकलेली असतात. ते कोण, हे शोधलं की अर्धं काम झालं.

मी इथे बोलतेय ते इथल्या मातीतल्या पुसी विलोबद्दल, म्हणजे सॅलिक्स डिस्कलर. कॅनडापासून अमेरिकेच्या ईशान्य भागापर्यंत ओढ्याकाठी, पाणथळीत आपसूक वाढणारं हे झुडूप. साधारण १० ते १५ फूट उंच होतं, मनासारखी जागा मिळाली तर त्याहूनही जास्त. नदीकाठचं आपलं वाळुंज याच कुळातलं, त्यामुळे पाण्याची ओढ दोघांनाही सारखीच.

आधी काडी हातात घेऊन बघा

जानेवारी-फेब्रुवारीत, पानं नसताना, झाडाजवळ जा आणि गेल्या उन्हाळ्यात वाढलेली एखादी काडी हातात धरा. ती ओळखू येते: साल गुळगुळीत, तपकिरी किंवा किंचित लालसर, जाडी पेन्सिलीएवढी. तिच्यावरचे डोळे नीट बघा. विलोच्या डोळ्याला खवल्यांचे थर नसतात. एकच खवला टोपीसारखा वरून बसवलेला असतो. काही डोळे बारीक, चपटे, काडीला चिकटून असतात. ते पानांचे. काही टपोरे, फुगीर, काडीपासून जरा सुटलेले असतात. ते बोंडांचे. शंका वाटली तर एक टपोरा डोळा नखाने सोला किंवा ब्लेडने उभा चिरा. आत रेशमासारखी पांढरी लव दिसेल. म्हणजे बोंड आत तयार आहे, फक्त टोपी उडायची बाकी आहे.

आता त्या काडीचं टोक बघा. निदान खरं होतं ते इथे. टोक निमुळतं होत जाऊन शेवटच्या डोळ्यावर संपत असेल, तर काडी अखंड आहे. टोक सपाट कापलेलं असेल आणि सगळ्या काड्या एकाच उंचीवर तुटलेल्या असतील, तर तिथून कात्री नाही तर ट्रिमर फिरलेला आहे. टोक फाटकं, ओढून तोडल्यासारखं, धागे लोंबणारं असेल तर ते हरणाचं काम. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते काडी कापत नाही, हिसकून तोडतं. आणि जमिनीलगत, बर्फाच्या पातळीच्या जरासं वर, काडी चाकूने तिरपी छाटल्यासारखी स्वच्छ कापलेली दिसली तर तो ससा. एवढं दोन मिनिटं बघितलं तरी पुढचा सगळा अंदाज वाचतो.

ऑक्टोबरची कात्री

सगळ्यात जास्त अंगणांत गुन्हेगार निघते ती शरद ऋतूतली साफसफाई. लॉन कापणारे लोक नोव्हेंबरात फॉल क्लीनअपला येतात, पानं गोळा करतात आणि जाता जाता सगळ्या झुडपांवर ट्रिमर फिरवून त्यांना गोल आकार देतात. बॉक्सवुडसारख्या कुंपणाच्या सदाहरित झुडपाला त्याने काही होत नाही. पुसी विलोची मात्र त्या दुपारी वर्षभराची बोंडं पिशवीत भरून जातात.

द्राक्षबागेशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे लगेच समजेल. नाशिक-सांगलीकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, त्यानंतर फुटणाऱ्या नव्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्मघड तयार होतात आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर ते बाहेर पडतात. घड कुठल्या डोळ्यात आहे हे बघून बागायतदार किती डोळे राखायचे ते ठरवतो. पुसी विलोचं गणित पहिल्या अर्ध्यापर्यंत अगदी तेच आहे. वसंतात फूट, उन्हाळ्यात काडी पिकते, जुलै-ऑगस्टच्या सुमारास तिच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीची बोंडं धरली जातात. फरक एवढाच, की त्याला गोडी छाटणी लागत नाही. थंडी हेच त्याचं काम करते. थंडी पुरेशी झाली आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जरा ऊब आली की डोळे आपोआप फुटतात. आपला हात मात्र ऑक्टोबरात शिवशिवतो, कारण गुलाबापासून द्राक्षापर्यंत त्या महिन्यात कात्री चालवायची सवय घरोघरी आहे. इथे ती सवय आवरायची. या झुडपाला वर्षातून एकच छाटणी हवी, आणि ती खरडीच्या महिन्यात.

म्हणजे नेमकी कधी? बोंडं चंदेरीची पिवळी होतात, पराग उडतो, मधमाश्या येऊन जातात आणि मग बोंडं गळून खाली पडतात. ती गळायला लागली की कात्री काढायची. मध्य न्यू जर्सीत हे साधारण एप्रिलमध्ये होतं, उत्तरेला मॅसॅच्युसेट्सकडे थोडं उशिरा. मे उलटायच्या आत काम संपवायचं. जूनच्या मध्यानंतर केलेली प्रत्येक छाटणी पुढच्या मार्चमधून वजा होते हे धरून चाला.

कशी करायची याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. जागा मोकळी असेल तर दर एप्रिलला सगळ्यात जुन्या, जाड, करड्या सालीच्या फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश फांद्या थेट जमिनीलगत कापा. शेंडे खुडू नका, पूर्ण फांदी तळातून काढा. तीन वर्षांत झुडूप अख्खं नवं होतं आणि बोंडं डोळ्यांच्या उंचीवर येतात. उलट नुसते शेंडे खुडत राहिलं की खाली टक्कल पडतं आणि वर झाडूसारखा पसारा होतो. मग बोंडं आली तरी ती शिडीवर चढून बघावी लागतात.

दुसरा मार्ग कडक वाटतो, पण अडचणीच्या जागेत तोच कामाचा आहे. बोंडं संपताच अख्खं झुडूप जमिनीपासून फूटभर राखून कापून टाकायचं. विलोची मुळं जोरकस असतात. त्याच उन्हाळ्यात चार-पाच फुटांच्या सरळसोट काड्या उभ्या राहतात आणि त्यांच्यावर पुढच्या मार्चची बोंडं धरतात. फुलवाल्यांना विकण्यासाठी काड्या पिकवणारेही अशीच छाटणी करतात. झाड किमान तीन-चार वर्षांचं असेल तरच हे करा. कोवळ्या रोपाला एवढा धक्का नको.

हा दुसरा मार्ग मुद्दाम सांगितला, कारण पुष्कळदा मूळ भांडण जागेचं असतं. नर्सरीत दोन फुटांचं गोंडस रोप दिसतं, आपण ते पुढच्या दाराशी, खिडकीखाली लावतो. तिसऱ्या वर्षी ते खिडकी झाकतं, मग दर काही महिन्यांनी कात्री चालते आणि बोंडं कायमची संपतात. जागा बदलणं जमत असेल तर झाड सुप्तावस्थेत असताना, मार्चच्या सुरुवातीला, मुळांच्या गड्ड्यासकट हलवा. जमत नसेल तर दर एप्रिलला फूटभर राखून कापा, बाकी वर्षभर हात लावू नका. बुटकं झाड आणि भरपूर बोंडं, दोन्ही मिळतं.

लॉनवाल्यांशी आधीच बोलून ठेवा. नुसतं फोनवर सांगून भागत नाही, कारण दर वेळी येणारी माणसं वेगळी असतात. सप्टेंबरातच झुडपाला ठळक रंगाची फीत बांधा आणि एक छोटी पाटी लावा. आमच्या भागात काम करणारे बरेच जण स्पॅनिश बोलतात, म्हणून पाटीवर इंग्रजीबरोबर ‘नो कोर्तार’, म्हणजे कापू नका, हेही लिहिलं तर फार उपयोग होतो. ही माणसं मन लावून काम करतात. त्यांना आपण नीट सांगितलेलंच नसतं.

हरणं आणि ससे

टोकं फाटकी दिसली तर कात्रीला दोष देऊ नका. पांढऱ्या शेपटीच्या हरणांना विलो मनापासून आवडतं. हिवाळ्यात बाकी हिरवं संपलं की ती नेमके त्या वर्षीच्या काड्यांचे शेंडे खातात, म्हणजे पुन्हा बोंडांचाच भाग. साडेचार-पाच फुटांच्या खाली एकही बोंड नाही आणि त्यावर मात्र झुबके, असं दिसलं की निदान पक्कं. त्यातच ऑक्टोबर ते डिसेंबर नर हरणं माजावर असतात आणि शिंगं घासायला मनगटाएवढं खोड निवडतात. साल चारी बाजूंनी सोलली गेली तर त्यावरची फांदी वाळते. अशी फांदी एप्रिलमध्ये तळातून कापा. मुळातून नवी फूट येते, झाड जात नाही.

उपाय एकच खात्रीचा: जाळी. पाच फूट उंचीची वेल्डेड तारेची जाळी, झुडपापासून सगळीकडून दोन-तीन फूट लांब, लोखंडी खांबांना बांधलेली. जवळ लावली तर हरणं मान आत घालून खातात. सशांसाठी खालच्या दोन-अडीच फुटांना बारीक भोकांची जाळी जोडा आणि ती जमिनीला टेकलेली ठेवा. बर्फ साचला की ससा बर्फावर उभा राहतो आणि त्याची उंची वाढते, हे लक्षात ठेवून जाळीची उंची ठरवा. झाड सात-आठ फुटांच्या वर गेलं की वरची बोंडं हरणांच्या तावडीतून सुटतात, मग खोडांपुरतं संरक्षण पुरतं.

अंड्याच्या वासाचे फवारे मिळतात. ते चालतात, पण पाऊस-बर्फ झाला की पुन्हा मारावे लागतात. जानेवारीच्या थंडीत ते सातत्य बहुतेकांना जमत नाही. माझा भरवसा जाळीवर.

काड्या अखंड आहेत, तरी टपोरे डोळे नाहीत

असं असेल तर प्रश्न गेल्या उन्हाळ्यातला आहे. पहिली शंका सावलीची. पुसी विलोला दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवं. घर घेतलं तेव्हा मोकळा असलेला कोपरा दहा वर्षांत शेजारच्या मेपलखाली जातो आणि लक्षातही येत नाही. सावलीत झाड जगतं, उंच-किरकोळ होतं, पण बोंडं तुरळक धरतात.

दुसरी शंका कोरड्या ऑगस्टची. बोंडं धरायचा काळ आणि इथला कडक उन्हाळा नेमके एकत्र येतात. मुळं वरच्यावर पसरलेली असल्याने माती सुकली की त्याला लगेच जाणवतं. पानांच्या कडा करपतात, जुलैअखेरीलाच पानं पिवळी होऊन गळायला लागतात. आठवड्याला इंचभर पाऊस झाला नाही तर बुंध्याभोवती पाण्याची नळी संथ सोडून ठेवा आणि तीन इंच लाकडी चुऱ्याचं मल्च पसरा, फक्त खोडाला टेकू देऊ नका. मुळात लावतानाच अंगणातला सखल, ओलसर कोपरा निवडला तर हा त्रासच राहत नाही. छताच्या पाण्याचा पाइप जिथे रिकामा होतो, पावसानंतर दोन दिवस जिथे चिखल राहतो आणि गवत धड वाढत नाही, तीच याची जागा. मात्र सेप्टिक टाकी, तिचं शोषक्षेत्र (टाकीतलं पाणी जिथे जमिनीत मुरतं तो भाग) आणि सांडपाण्याची वाहिनी यांच्या जवळ विलो लावू नका. पाण्याचा वास लागला की मुळं सांध्यातून आत शिरतात. मी तरी ५० फुटांच्या आत लावायला सांगणार नाही.

लॉनचं नत्रयुक्त खत झुडपापर्यंत पसरत असेल तर ते थांबवा. त्याने पानं-फांद्यांचा माज वाढतो. आणि झाड वर्षा-दोन वर्षांचं असेल तर थांबा, एवढंच. काडीपासून वाढवलेलं रोप साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून नीट फुलायला लागतं.

बोंडं येतात, पण पिवळी होत नाहीत

ही तक्रारच नाही, पण विचारली जाते म्हणून सांगते. विलोत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. चंदेरी लव दोघांनाही येते. नराची बोंडं मोठी, देखणी, आणि पुढे परागाने पिवळीधमक होतात. मादीची बारीक, नंतर हिरवट होतात आणि शेवटी त्यांतून कापसासारखं बी उडतं. बियांपासून केलेली रोपं घेतली तर कुठलं निघेल ते आधी कळत नाही. नरच हवा असेल तर फुललेल्या नर झाडाची काडी लावणं हा सोपा उपाय. मादीही उपटू नका, तिच्यातल्या मधावर कीटक येतातच.

पुसी विलो म्हणून विकली जाणारी सगळीच झाडं इथली नसतात, हेही तपासा. छत्रीसारखं झुकणारं कलमी झाड बहुधा युरोपातल्या गोट विलोचं असतं. गुलाबी-पांढऱ्या पानांचं शोभेचं हाकुरो निशिकी जपानी, त्याच्याकडून मोठ्या बोंडांची अपेक्षाच ठेवू नका. उन्हाळ्यात पान उलटं करून बघा. इथल्या पुसी विलोचं पक्कं पान खालून निळसर-पांढरट आणि जवळजवळ गुळगुळीत असतं. गोट विलोचं सुरकुतलेलं, खालून दाट करड्या लवीचं. युरोपातलंच ग्रे विलो ईशान्येच्या पाणथळींत माजलं आहे. त्याच्या दोन-तीन वर्षांच्या फांदीची साल सोलली तर लाकडावर लांब उभे कंगोरे हाताला लागतात. म्हणून रस्त्याकडेच्या अनोळखी झाडाची काडी आणून लावू नका. स्थानिक रोपांच्या नर्सरीतून शास्त्रीय नाव विचारून घ्या.

हा खटाटोप कशासाठी, असं विचारलं तर माझं उत्तर मधमाश्या. मार्चच्या अखेरीस, गुढीपाडव्याच्या आसपास, बाकी अंगण उघडंबोडकं असताना भुंग्यांच्या राण्या आणि जमिनीत बीळ करणाऱ्या अँड्रिना माश्या या बोंडांवर येतात. अँड्रिनांच्या काही जाती पिल्लांसाठी फक्त विलोचाच पराग गोळा करतात. ऊन पडलेल्या दुपारी झुडपाजवळ पाच मिनिटं उभं राहा, अख्खं झाड गुणगुणत असतं. नोव्हेंबरच्या ट्रिमरने आपली शोभा जाते आणि यांचं पहिलं जेवण जातं.

म्हणूनच पानं खाल्लेली दिसली की लगेच फवारणी करू नका. मे-जूनमध्ये काळ्या, काटेरी, पाठीवर लाल ठिपक्यांच्या अळ्या घोळक्याने एका फांदीची पानं फस्त करत असतील तर त्या मोर्निंग क्लोक फुलपाखराच्या. फांदी उघडी पडते, नंतर पुन्हा फुटते, त्यांना खाऊ द्या. पानांची फक्त जाळीदार शीर उरली असेल आणि आसपास निळसर-काळे चकाकते छोटे भुंगेरे असतील तर तो बाहेरून आलेला विलो लीफ बीटल. झाड मोठं असेल तर तेही सोसतं. रोप लहान असेल तर खालच्या बाजूची पिवळी अंडी असलेली पानं खुडून साबणाच्या पाण्यात टाका. मात्र ओल्या वसंतात कोवळे शेंडे काळे पडून करपल्यासारखे लोंबत असतील तर ती बुरशी. कोरडा दिवस बघून रोगट भागाच्या बरंच खाली कापा, तुकडे कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

घरात ठेवायला काड्या हव्या असतील तर फेब्रुवारीत टपोरे डोळे बघून थोड्या लांब काड्या खुशाल कापा. फुलदाणीत पाणी घातलं तर बोंडं पिवळी होऊन पराग सांडतो. चंदेरी अवस्थेतच टिकवायची असतील तर लव दिसताच पाणी काढून टाका, काड्या कोरड्याच ठेवा, महिनोन्‌महिने तशाच राहतात. पाण्यात राहिलेल्या काड्यांना मुळं फुटतात, त्या एप्रिलमध्ये ओल्या जागी दोन तृतीयांश जमिनीत खोचा. पहिल्या दिवसापासून सशांची जाळी मात्र लावा, कारण एका रात्रीत ती काडी जमिनीलगत कापलेली सापडते.